निळ्या टोप्यांचं उट्टं

थोरली डूख धरून बसणारी बाई होती, आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. लहान असताना शेजारच्या एका पोरानं तिच्या धाकट्या भावाचा चेंडू मुद्दाम गटारात टाकला. ही तेव्हा काही बोलली नाही. पोरगं विसरूनही गेलं. मग पुढे कधीतरी त्याच्या पायात नवेकोरे बूट आले, त्या दिवशी हिनं ते त्याच्या देखत उचलले, शांत चालत गेली आणि त्याच गटारात सोडून दिले. आईनं धपाटे घातले. ही म्हणाली, "मार तू. मी विसरले नव्हते, एवढंच."

स्वतःला कुणी काही बोललं तर ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. पण भावाच्या वाटेला गेलात तर संपलं.

भावाला सगळे झारा म्हणायचे. उंच, किडकिडीत, डोकं तेवढं मोठं, आणि चुलीवर वाकून उभा राहिला की लांबून खरंच कुणी झारा टांगून ठेवलाय असं वाटायचं. आई गेल्यावर थोरलीनंच त्याला वाढवला. एका खोलीत शिलाई मशीन, स्टोव्ह आणि दोन खाटा. खाली बेकरी, त्यामुळे जमीन कायम कोमट आणि कपड्यांना पावाचा वास. पोराला शाळेत गोडी नव्हती, स्वयंपाकात होती. थोरली मशीनवर बसली की तो स्टोव्हपाशी, आणि असं करता करता तो एका टूर कंपनीत आचारी झाला.

ही कंपनी लोकांना डोंगरात फिरायला न्यायची. सोबत आपला आचारी, आपली भांडी, आपला गॅस. झारा बसच्या मागच्या सीटवर पातेल्यांत पाय घालून बसायचा आणि खूश असायचा. टुरिस्ट लोक उतरताना त्याचा हात हातात घेऊन, "पोटाचे हाल नाही होऊ दिलेस बाबा," म्हणायचे. तेवढ्यावर त्याचे पुढचे काही दिवस जायचे.

कंपनीच्या टोप्या थोरली शिवायची. टुरिस्टांना पिवळ्या, स्टाफला निळ्या. कापड एकच, पुढच्या भागात घालायचा पुठ्ठा एकच, रंग तेवढा वेगळा. मालकाला या टोप्यांचं भारी वेड. बस निघायच्या वेळी तो स्वतःच्या हातानं प्रत्येक टुरिस्टाच्या डोक्यावर पिवळी टोपी ठेवायचा, फोटो काढायचा, आणि मग सांगायचा, "झोपताना सोडून ही काढायची नाही. ही डोक्यावर आहे तोवर तुम्ही माझे."

ते तो उगाच बोलत नव्हता. कंपनीची सगळ्यात चालणारी टूर होती वरच्या तळ्याची, आणि त्या तळ्याच्या दरीत जमिनीचा काही भरवसा नव्हता. कधी कप खडखडायचे, कधी भिंतीला चीर जायची. साध्या प्रवास विम्यात बॅग हरवली, ताप आला, गाडी चुकली एवढंच धरतात, भूकंप म्हटला की कंपन्या हात वर करतात. म्हणून मालक जादा हप्ता भरून भूकंपासकटची पॉलिसी काढायचा. तिच्यात हॉस्पिटल होतं, अडकून पडलात तर हॉटेलचं भाडं होतं, आणि रस्ता तुटला तर हेलिकॉप्टर होतं. आता डोंगर कोसळत असताना हेलिकॉप्टरवाला नावं वाचत बसणार का? तर मालकानं त्यांना सांगून ठेवलं होतं, पिवळ्या टोप्या आमच्या, त्या उचला.

निळ्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. थोरलीला वाटायचं रंग शोभेला आहेत.

त्या वर्षी वरच्या तळ्यावर सकाळी सकाळी जमीन हलली. टुरिस्ट तळ्याकाठी सूर्योदय बघायला गेलेले, म्हणून वाचले. ड्रायव्हर आणि क्लिनर बस घेऊन खालच्या गावात मुक्कामाला होते. झारा लॉजच्या मागच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडत होता. भिंत आली ती थेट त्याच्या पायावर. गावातल्या माणसांनी त्याला ओढून काढला आणि शाळेच्या ओसरीत एका फळ्यावर झोपवला. काळा फळा, त्यावर अजून कुणाच्या तरी हातचं खडूचं लिखाण. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला.

टूरचा मॅनेजर धावपळ करत होता. त्यानं फोन लावला, पॉलिसीचे नंबर सांगितले, आणि हेलिकॉप्टर आलंही. दोन फेऱ्यांत सगळ्या पिवळ्या टोप्या उचलल्या. झारा फळ्यावरून बघत होता. शेवटच्या फेरीला मॅनेजर त्याच्याजवळ आला, म्हणाला, "तू पुढच्या फेरीत. काळजी करू नको." मग त्यानं स्वतःच्या डोक्यावरची निळी टोपी काढून खिशात कोंबली, पिशवीत उरलेली एक पिवळी काढली, घातली, आणि वाकून पळत जाऊन हेलिकॉप्टरमध्ये बसला.

पुढची फेरी आली नाही. झारा त्या फळ्यावर पडून राहिला. रस्ता थोडा मोकळा झाल्यावर एका बटाट्याच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर आडवा होऊन तो खाली आला. तोवर हाड जसं होतं तसंच जुळायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी आणला असता तर. पुढचं बोलले नाहीत, आणि बरंच केलं, कारण थोरली समोर उभी होती.

टोप्यांचं झाऱ्यानं सांगितलं, तेव्हा रंग कशाला होते ते थोरलीला कळलं. पाय तोकडा झाला. काठी आली. चुलीपुढे जास्त वेळ उभं राहवेना. एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित थोरलीनं नशीब म्हणून तोंड मिटलं असतं. कदाचित.

पण मालकानं वर आणखी एक केलं. लोक विचारायला लागले, सगळे आले, आचारी कसा राहिला? तर मालक सांगायचा, "अहो, त्याला चल म्हणत होते. ऐकेचना. भांडी सोडून येत नाही म्हणाला." कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करता करता त्यानं हे सांगितलं, खाली बेकरीत पाव घेताना सांगितलं. सहज, हसत. आणि गल्लीला एवढं पुरतं. भांडी कुणाला एवढी प्यारी असतात? मग कसली भांडी? कुणाची भांडी? वर घरं पडलेली, कपाटं उघडी, माणसं बाहेर रडतायत, आणि हा एकटा मागे राहिलेला. महिन्याभरात गोष्ट अशी झाली की झारा पडलेल्या घरांत हात मारायला थांबला होता आणि तिथे त्याच्यावर भिंत पडली.

बसून करता येण्यासारखी कामं झारा करू शकला असता. घरगुती जेवणावळी, वाढदिवस, पन्नासेक माणसांचा स्वयंपाक, सोबत दोन माणसं घेऊन. कुणी बोलवेना. तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. फक्त "बघू", "कळवतो", "अरे, यावेळी दुसऱ्याला सांगून झालं." एका घरी स्वयंपाकाला गेला तर घरातली म्हातारी कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून त्याच्यासमोरच बसली. झारा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"कोण म्हातारी?" थोरलीनं विचारलं.

"जाऊ दे ना ताई."

"नाव सांग फक्त."

"म्हातारीला काय करणार तू? तिला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं. कुठवर जाशील?"

"शेवटपर्यंत," थोरली म्हणाली आणि मशीनवरचं कापड बाजूला ठेवून उठली.

मालकाचं ऑफिस मुख्य रस्त्यावर, काचेच्या दाराचं. दारात आता नवा मोठा बोर्ड लागला होता. हेलिकॉप्टर, त्याच्यापुढे पिवळ्या टोप्यांची रांग, सगळे हात हलवतायत, आणि वर अक्षरं, भूकंपातही आमची सगळी माणसं सुखरूप. थोरली त्या बोर्डापुढे जरा वेळ उभी राहिली. रांगेच्या टोकाला मॅनेजर होता, पिवळ्या टोपीत, हात हलवत.

मालकानं तिला आतल्या केबिनमध्ये बसवलं, दार लावलं, पाणी दिलं. माणूस तसा उद्धट नव्हता.

"ताई, मलाही वाईट वाटतं. पण एक समजून घ्या. प्रवासाचा विमा फिरायला जाणाऱ्याचा असतो. स्टाफ फिरायला जात नाही, कामाला जातो. त्या पॉलिसीत हे बसतच नाहीत. त्यांची वेगळी काढावी लागते."

"मग काढली का नाही?"

"सगळेच काढत नाहीत. धंद्यात..."

"बरं. नाही काढली. हे जे आता मला सांगितलंत ना, तेवढंच बाहेर सांगा. त्याचा विमा नव्हता म्हणून त्याला उचलला नाही. भांडी-बिंडी काही नव्हतं. एवढंच. मी दुसरं काही मागत नाही."

मालकानं पेन उचललं, ठेवलं. "बाहेर काय सांगायचं ते माझं मी बघीन."

"सांगणार नाही?"

"ताई, तुमचं टोप्यांचं काम चालू राहील. उलट वाढवू. तुमच्या हाताला काम, घरात चूल पेटती. उगाच जुनं कशाला उकरायचं?"

आता इथे थोरली ग्लास फेकून मारेल असं कुणालाही वाटलं असतं. तिनं पाणी पिऊन टाकलं, ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे. टोप्या शिवीन."

गल्लीनं तोंडात बोटं घातली. ज्यानं भावाचा पाय घालवला, त्याच्याच टोप्या शिवते. सलूनवाला तर तोंडावर म्हणाला, "ताई, तुमचा राग म्हणजे दिवाळखोर दुकानाचा बोर्ड निघाला. बाहेर मोठा, आत काही नाही." थोरली म्हणाली, "तू कात्री चालव."

झाऱ्याला मात्र लागलं. तो खाटेवर बसून तिच्या पायांची मशीनवरची हालचाल बघायचा. एक दिवस म्हणाला, "त्याचंच काम घेतलंस."

"घेतलं."

"मला वाटलं होतं निदान तू तरी."

तिनं दोरा दातानं तोडला. सांगितलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं. त्याला भांडणाची भीती नव्हती, हरण्याची होती. आणि ती जे करणार होती त्यात हरायला फार जागा होती.

कारण तिच्याजवळ होतं काय? मॅनेजर मालकाच्या ताटाखालचं मांजर. टुरिस्टांना तर खरंच सांगितलं गेलं होतं की आचारी पुढच्या फेरीत येतोय, ते आपापल्या घरी. वकिलाकडे गेली होती, तो म्हणाला, मालक म्हणेल माणूस स्वतःहून थांबला, तुम्ही काय दाखवणार? तिनं पत्रकं वाटली असती, बोंब मारली असती, तर लोक म्हणाले असते बहीण आहे, बोलणारच. तिच्या तोंडून ते शंभरदा निघून उपयोग नव्हता. ते मालकाच्या तोंडून निघायला हवं होतं. चारचौघांत, आणि न विचारता.

मशीन चालवत ती तेवढंच घोकायची. हा माणूस खरं कधी बोलतो? पैशासाठी बोलत नाही, भीतीनं बोलत नाही, लाजेनं तर नाहीच. बरीच वर्षं तिनं त्याला बस निघताना पाहिलं होतं. म्हाताऱ्याची चप्पल निसरडी आहे हे त्याला दिसायचं. कुणाच्या बाळाला बसच्या पुढच्या सीटवर ऊन लागेल हे कळायचं. एकदा एका बाईचा विम्याचा कागद निघायचा राहिला होता, तर त्यानं भरलेली बस अर्धा दिवस उभी केली, शिव्या खाल्ल्या, पण तिला तशी नेली नाही. गिऱ्हाइकाला तो काचेच्या सामानासारखं जपायचा. तिथे त्याचं खोटं नव्हतं.

मग तिला कळलं कुठे धरायचं ते. माणसाला त्याच्या वाईटात सगळेच धरतात, तिथे तो सावध असतो. हिनं ठरवलं, याला याच्या चांगल्यात धरायचा.

पुढचा हंगाम आला. वरच्या तळ्याचा रस्ता दुरुस्त झाला आणि भूकंपानंतरची पहिली टूर निघाली. बोर्डाची कमाल, बस गच्च भरली. भूकंपाचं ठिकाण असलं तरी विमा आहे, मागच्या वेळी सगळे सुखरूप आलेत, अजून काय पाहिजे?

टोप्या थोरली नेहमी बसपाशीच आणायची. कुणाचं डोकं मोठं, कुणाचं लहान, तिथल्या तिथे मागचा पट्टा ओढून द्यावा लागे. त्या सकाळी ती गाठोडं घेऊन निघाली तेव्हा झारा जागा होता.

"ये माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"मी नाही. मला बघून लोक खिसे चाचपतात."

"नको येऊ मग. दाढी तेवढी कर. कुणी आलं-गेलं तर."

ऑफिससमोरच्या मोकळ्या जागेत बस उभी होती. बॅगा, थर्मास, निरोप द्यायला आलेली मुलंबाळं. नवा आचारी, जाडजूड तरुण माणूस, बसच्या पोटात पातेली रचत होता, डोक्यावर निळी टोपी. मॅनेजर मोबाईलवर बोलत फेऱ्या मारत होता. मालक इस्त्रीच्या शर्टात, फोटोवाल्याला जागा दाखवत होता.

थोरलीनं गाठोडं सोडलं. सगळ्या निळ्या.

मालक हसत आला, पहिली टोपी उचलली आणि हात तिथेच थांबला. त्यानं खालून दुसरी काढली. तिसरी. "हे काय?"

"टोप्या."

"अहो पण निळ्या?"

"पिवळं कापड मिळालं नाही. हे तेच कापड आहे, शिलाईत फरक नाही."

"निळ्या स्टाफच्या असतात. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे की. डोकं झाकलं म्हणजे झालं. ऊन काय रंग बघून लागतं?"

मालकानं आवाज खाली आणला. "ताई, मागच्या पिवळ्या असतील घरी. रिक्षा करा, घेऊन या."

"मागच्या सगळ्या लोक घरी घेऊन गेले. तुम्हीच देता ना, आठवण म्हणून."

एवढ्यात एक पेन्शनर काका पुढे आले, हसरे, खांद्याला कॅमेरा. त्यांनी एक निळी टोपी उचलून डोक्यावर चढवली. "छान आहे की हो. पिवळ्यात मी हळद लावल्यासारखा दिसलो असतो." त्यांची बायको हसली, तिनंही घातली. मग काय, माणसं गाठोड्याभोवती जमली. थोरली पट्टे ओढून देऊ लागली, याला सैल, त्याला घट्ट, शांतपणे, मान खाली घालून. बघता बघता सगळं आवार निळं झालं.

"थांबा, थांबा," मालक म्हणाला. "घालू नका. आज टोप्या नकोत. टोप्यांशिवाय जाऊ."

"असं कसं?" काका म्हणाले. "तुम्हीच टूरच्या आधीच्या मीटिंगमध्ये म्हणालात, झोपताना सोडून काढायची नाही. आता आम्ही नाही काढत."

लोक हसले. एक लहान मुलगी दोन टोप्या एकावर एक घालून मिरवत होती. फोटोवाला रांगा लावायला लागला. मालकाच्या कपाळावर घाम आला. तो एकाच्या डोक्यावरची काढायला गेला, दुसऱ्यानं चेष्टेनं आपली दाबून धरली. ड्रायव्हरनं बस सुरू केली. थोरली मालकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला दिसत होतं, हा आता वरची दरी बघतोय. ही सगळी माणसं तिथे उभी, आणि डोक्यावर निळं.

"काढा म्हणतो ना," मालक ओरडला. "वर काही झालं तर हेलिकॉप्टर निळी टोपी उचलत नाही हो."

हसणं जागच्या जागी बंद झालं. काकांनी टोपीला हात लावला. "उचलत नाही म्हणजे?"

मालकाच्या तोंडाला आता लगाम नव्हता. त्याला फक्त ती डोकी दिसत होती. "म्हणजे त्यांना तसं सांगून ठेवलंय. पिवळी दिसली की घ्यायची. निळ्यांचा विमा नसतो. निळ्यांना ते सोडून येतात."

बस तेवढी घरघरत होती. मग ड्रायव्हरनं तीही बंद केली.

बोलून झाल्यावर मालकाला आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्यानं थोरलीकडे पाहिलं. ती गाठोड्याचं फडकं घडी करत होती.

नवा आचारी बसच्या पोटातून बाहेर आला. त्याच्या हातात पातेलं होतं. ते त्यानं जमिनीवर ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली, पातेल्यात टाकली. "म्हणजे मला सोडून येणार होतात?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. मग म्हणाला, "माझी बायको पोटुशी आहे हो," आणि आपली पिशवी घ्यायला आत शिरला.

"ऐक, ऐक, काढू तुझी पॉलिसी," मालक त्याच्यामागे.

काकांनी मालकाची बाही धरली. "एक मिनिट. मागच्या वेळचा आचारी. तुम्ही मीटिंगमध्ये सांगितलंत, भांड्यांसाठी थांबला म्हणून. आम्ही सगळे हसलो होतो."

मालकानं बाही सोडवून घेतली.

"सांगा ना मालक," थोरली पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "भांडी कशी होती? पितळेची होती की स्टीलची?"

"या कोण?" काकांनी विचारलं.

"बहीण. तो पाय तुटून शाळेच्या फळ्यावर पडला होता आणि त्याच्या डोक्यावर ही होती." तिनं पातेल्यातली टोपी उचलून पुन्हा पातेल्यात टाकली. "आणि ते मॅनेजर आहेत ना, त्यांना विचारा ते कोणत्या टोपीत आले. तिथे बोर्डावर फोटो आहे, लांबूनही दिसतो."

सगळी डोकी बोर्डाकडे वळली. मॅनेजर फोनवर बोलत बोलत आवाराबाहेर निघाला होता. फोनवर पलीकडे कुणी नसणार, पण तो बोलत होता.

टूर त्या दिवशी गेली, पण दुपार टळल्यावर. टुरिस्ट बॅगांवर बसून राहिले, म्हणाले आचारी, ड्रायव्हर, क्लिनर सगळ्यांचे विम्याचे कागद हातात बघितल्याशिवाय चढणार नाही. मालक केबिनमध्ये फोनवर फोन. थोरली शेवटचा कागद येईपर्यंत फुटपाथवर बसून होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मालक दारातून बाहेर आला की ती दिसेल अशी बसली होती, एवढंच. बस वळणावर गेल्यावर तो तिच्यासमोर येऊन म्हणाला, "धंदा बुडवलात माझा. यापुढे टोप्या दुसरीकडे."

"चालेल," ती म्हणाली. "माझी मशीन पडदेही शिवते."

पण बुडालं ते काही एका टूरचं नव्हतं. टुरिस्टांनी ते वर नेलं, खाली आणलं, नातेवाइकांत सांगितलं. बोर्ड एका सकाळी गायब झाला. पुढच्या टूरसाठी मालकानं चार आचारी विचारले, चौघांनी आधी विम्याचाच प्रश्न विचारला, आणि चौथ्यानं वर म्हटलं, "आधी झाऱ्याचं निस्तरा, मग माझ्याकडे या."

म्हणून मालक गल्लीत आला. हातात फळांची पिशवी. खाली बेकरीच्या दारातच थोरली भेटली.

"त्याला भेटायचंय. माफी मागायचीय."

"मागा की. पण वर जायच्या आधी दोन ठिकाणं आहेत."

"कुठली?"

"जिथे जिथे बोललात ती. मी सगळीकडे नेत नाही, नाहीतर तुमचा जन्म जायचा. सलून आणि ही बेकरी. बाकीचं लोक आपोआप नेतील, पहिलं नेलं तसं."

मालकाचा चेहरा पडला. "ताई, वय बघा माझं."

"बघते ना. म्हणून जिने चढायला नाही लावत, दोन्ही तळमजल्यावर आहेत."

सलूनमध्ये खुर्च्या भरलेल्या. सलूनवाल्याचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या गालावर. थोरली दारात हाताची घडी घालून उभी राहिली आणि मालक मधे. तो घसा साफ करत म्हणाला, "झारा भांड्यांसाठी थांबला नव्हता. त्याचा विमा काढला नव्हता. म्हणून त्याला मागे ठेवला."

"कुणी काढला नव्हता?" मागून थोरली.

"मी काढला नव्हता."

सलूनवाल्यानं वस्तरा बाजूला केला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं तसंच वळून बघत होतं. "मालक," सलूनवाला म्हणाला, "याच खुर्चीत बसून सांगितलं होतंत. हसलो होतो मी." मग थोरलीकडे बघून त्यानं मान खाली घातली. थोरली म्हणाली, "तुझंही बघते नंतर," आणि निघाली.

बेकरीत मालक पुटपुटला. भट्टीपाशी दोन बायका होत्या, काउंटरवर बेकरीवाला.

"ऐकू नाही आलं," थोरली म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"भट्टीपर्यंत जाऊ दे आवाज. तिथे ती म्हातारी उभी आहे, कुलूपवाली. तिला जरा कमी ऐकू येतं."

मालकानं तिसऱ्यांदा सांगितलं, जवळजवळ ओरडून. म्हातारीनं पावाची पिशवी छातीशी धरली आणि कमरेच्या किल्लीवर पदर ओढला.

मग ती त्याला वर घेऊन गेली. जमीन कोमट होती. झारा खाटेवर बसला होता, दाढी केलेली. खालचा तिसऱ्या वेळचा आवाज त्याच्यापर्यंत आला होता, ते त्याच्या मानेवरूनच कळत होतं. मालकानं फळं टेबलावर ठेवली, हात जोडले, जे बोलायचं ते बोलला. पुढच्या हंगामात ये म्हणाला, सगळ्या स्वयंपाकावर देखरेख, नुसतं बसून करायचं, आणि पॉलिसी पहिल्या दिवशी.

झाऱ्याच्या हातचं खाल्ल्या-प्यायल्याशिवाय त्या खोलीतून कुणी गेलेलं नव्हतं. वीजबिलवाला नाही, भाडं मागायला येणारा नाही. तो काठी टेकत उठला. स्टोव्ह पेटवला. आधण ठेवलं, आलं ठेचलं, साखर घातली, चहा उकळेपर्यंत तोकड्या पायावर भार न देता उभा राहिला. मालक बघत होता. त्याला बहुतेक वाटलं, झालं, मिटलं. त्यानं बसायला स्टूलही पुढे ओढलं.

झाऱ्यानं दोन कप घेतले. एक थोरलीला दिला, एक स्वतः घेतला. स्टोव्ह बंद केला.

"ताई, आलं जास्त नाही ना झालं?" त्यानं विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. "बरोबर आहे."

मालक स्टुलावर बसून होता. दोघं त्याच्यासमोर, सावकाश, फुंकर मारत, चहा प्यायले. कप संपल्यावर झाऱ्यानं ते विसळले, पालथे घातले, आणि मग दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "फळं घेऊन जा."